वाट बघण्यात विशेष प्रावीण्य

अंधारगडची महाहडळ दिगंबर वाघचौरेने हरवली. एका रविवारी दुपारी, पुण्यातल्या एका खानावळीत, हातात मेथीची जुडी असताना. तलवार, मंत्र, बाण, काहीही न वापरता. आम्ही तिघांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. चौथे साक्षीदार त्याचे वडील. निवृत्त मुख्याध्यापक, म्हणजे साक्ष एकदम पक्की.

तर, तसं काही घडलेलं नाही. महाहडळ हरली नाही, दिगंबर गडावर पोचलाच नाही आणि त्या दुपारी आम्ही फक्त मेथी निवडली. ही अधिकृत भूमिका आहे. ती मीच जाहीर केली असल्यामुळे तिच्याशी एकनिष्ठ राहणं मला भाग आहे. तेव्हा जे घडलं नाही ते सांगतो.

"मी तलवार काढतो," धैर्यशील म्हणाला.

"कुणावर?" मी विचारलं.

"कुणावर पण. नुसती काढून बघतो. गंज चढला असंल."

"पुढे कुणी नाहीये रे. गडाचा चढ आहे नुसता."

"मग चढावर काढतो. दिवाळीपास्नं म्यानात आहे लगा. मी योद्धा आहे का छत्रीवाला?"

रेश्मा मुलाणीने मेथीची मुळं कापून जुडी परातीत टाकली. "सूत्रधार महोदय," ती म्हणाली, "त्याला काढू द्या तलवार. नाहीतर तो सुरी घेईल माझ्याकडची."

आम्ही चौघं स्पर्धा परीक्षेवाले. धैर्यशील खराडे कराडकडचा, रेश्मा फलटणची, दिगंबर अंबाजोगाईचा आणि मी, प्रणित, जिथून आलो तिथले लोक मला अजून शोधत नाहीयेत. रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असायची, त्यामुळे दुपारची पंगत उठली की खालचा हॉल रिकामा. मालक नाईककाका तो आम्हाला वापरू द्यायचे. अट एकच. सोमवारची मेथी निवडून ठेवायची. म्हणून आमच्या खेळात एका हातात फासा आणि एका हातात पालेभाजी असे.

खेळ कल्पनेतला. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, सूत्रधाराने संकट सांगायचं, पात्र काय करतं ते खेळाडूने तोंडाने बोलायचं आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. फाशावर जो आकडा येईल त्यात आपल्या कौशल्याचे गुण मिळवायचे. परदेशात या खेळाची जाडजूड नियमपुस्तकं मिळतात. आमच्याकडे पुस्तक नव्हतं, म्हणून सगळे नियम मी केले. पुढचं सगळं या एका वाक्यामुळे झालं.

स्पर्धा परीक्षेच्या मुलाला नियम करायला सांगू नये. आमच्या राज्यात ड्रॅगन होता, पण तो कायद्यातल्या 'परंतु असे की' शिवाय आग ओकत नसे. चेटकिणीच्या शापाला पोटनियम होते. काही चुकलं की मी शुद्धिपत्रक काढायचो आणि आमच्या मोहिमेत राक्षसांपेक्षा शुद्धिपत्रकांनीच जास्त माणसं दगावली.

त्यातला नियम चार माझ्या विशेष अभिमानाचा. कौशल्य जितकं अरुंद, तितके गुण जास्त. म्हणजे 'लढणे' असं ढोबळ कौशल्य घेतलंत तर थोडे गुण, 'दुधारी तलवार' घेतलीत तर दुप्पट. मला वाटलं, अरुंद कौशल्याचा उपयोगही अरुंदच होणार, तोल आपोआप राहील. जोडीला नियम पाच: सगळे गुण एकाच कौशल्यात घालणाऱ्याला बाकी प्रत्येक गोष्टीत पाच वजा. यापेक्षा समतोल व्यवस्था पृथ्वीवर नसेल असं मला वाटायचं. मी त्या काळात राज्यघटनाही वाचत होतो.

धैर्यशीलने दुधारी तलवार घेतली. रेश्मा मांत्रिक होती. तिने 'अग्निमंत्र, फक्त ओल्या लाकडावर' असं कौशल्य घेतलं, जे इतकं अरुंद होतं की तिने पहिल्यांदा मंत्र म्हटला तेव्हा अख्खं जंगल नकाशातून खोडावं लागलं. आणि दिगंबरने, म्हणजे त्याच्या खंबीररावाने, सगळेच्या सगळे गुण एकाच ठिकाणी घातले.

"वाट बघणे," तो म्हणाला.

"वाट बघणे हे कौशल्य नाहीये."

"तू बघून दाखव," दिगंबर म्हणाला.

आम्ही हसलो आणि मी मंजुरी दिली.

पहिलंच संकट होतं नदीचा पूर. नाव नाही, पूल नाही. मी या नदीवर खूप मेहनत घेतली होती, तिच्यात दोन प्रकारच्या मगरी होत्या. दिगंबर म्हणाला, "मी थांबायलोय." फासा टाकला, गुण मिळवले, बेरीज छताला लागली. पूर ओसरला, उन्हाळा आला, मगरी पाणी शोधत निघून गेल्या आणि आम्ही चपला हातात घेऊन पलीकडे गेलो. पुढे दोन डोक्यांचा राक्षस आला. "थांबायलोय." दोन्ही डोक्यांत जमिनीवरून भांडण लागलं आणि राक्षस वाटणीसाठी कोर्टात गेला. मग खजिन्याचं कुलूप. "थांबायलोय." गंजून पडलं. तोवर दिवाळी होऊन गेली होती आणि धैर्यशीलला कुणी मारायला मिळालं नव्हतं. माझी मोहीम म्हणजे हवापालट झाला होता.

दिगंबरला दोष देता येत नव्हता. त्याचं खरंही तेच चाललं होतं. परीक्षा तो पास झाला होता, निवड यादीत नाव होतं, कागदपत्रं तपासून झाली होती. फक्त नियुक्तीचा आदेश निघत नव्हता. कुठल्या खात्याचा ते सांगत नाही, खाती मनाला लावून घेतात. फाईल कधी वर असायची, कधी खाली, एकदा ती दुसऱ्या इमारतीत गेल्याचं कळलं तेव्हा आम्ही पेढे आणले होते, कारण निदान ती चालू शकते हे सिद्ध झालं. बाकी वेळ दिगंबर खोलीत पलंगाच्या कडेला बसलेला असे. पूर्ण टेकून नाही. कुणी हाक मारली तर लगेच उठता यावं असा.

त्या रविवारी त्याचे वडील त्याला न्यायला येणार होते. अंबाजोगाईला ओळखीच्या शिक्षणसंस्थेत प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली होती आणि सोमवारी सकाळी रुजू व्हायचं होतं. पाहुण्यांची जीप पुण्यात आली होती, ती संध्याकाळी परत जाणार. त्या जीपमध्ये दिगंबर बसतो की नाही, एवढाच प्रश्न होता.

"तिथं काम करत करत पण वाट बघता येते की," रेश्मा त्याला आदल्या दिवशी म्हणाली होती.

"फाईलला कळतं," दिगंबर म्हणाला.

"काय कळतं?"

"आपण दुसरीकडं सही केली की तिला कळतं. मग ती निवांत होते."

यावर कायदा शिकलेल्या रेश्माने दोन चहा सांगितले.

मला तो जायला नको होता. कारण अगदी स्वच्छ होतं. दिगंबर गेला की खेळ बंद आणि खेळ बंद झाला की मला रविवारी अभ्यास करावा लागला असता. ही आपत्ती टाळण्यासाठी मी आठवडाभर खपून महाहडळ तयार केली. तिला म्हातारपण नाही, झोप नाही, भूक नाही, कंटाळा नाही. गडाच्या दरवाज्यात ती उभी असते आणि आत कुणाला सोडत नाही. वाट बघून हरणार नाही अशी जगातली पहिली हडळ. ती हरेपर्यंत खेळ संपणार नव्हता आणि खेळ संपेपर्यंत दिगंबर जीपमध्ये बसणार नव्हता, कारण तसा शब्द त्याने स्वतःच दिला. वडील हॉलमध्ये आले तेव्हा तो उठून उभा राहिला, पाया पडला आणि म्हणाला, "अप्पा, एवढी महाहडळ होऊ द्या. मग सांगतो. जायचं का राहायचं."

"कोण होऊ दे?" वाघचौरे सरांनी विचारलं. पांढरा सदरा, खिशाला पेन, हातात कापडी पिशवी. त्यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं, जसं वर्गात पाहतात.

"खेळ आहे, सर," रेश्माने खुर्ची ओढून दिली. "बसा ना. पाणी?"

"पाणी नको. जीप थांबलीय." ते बसले. समोर परात दिसली तसा त्यांनी आपसूक मेथीची एक जुडी पुढे ओढली. "खेळा. लवकर खेळा."

मी घसा साफ केला. "गडाचा दरवाजा. दारात महाहडळ. केस जमिनीपर्यंत. ती म्हणते, परत जा."

"मी तलवार काढतो!" धैर्यशील उठलाच.

त्याने फासा टाकला, चांगला पडला, तलवार हडळीच्या आरपार गेली आणि पलीकडून स्वच्छ होऊन बाहेर आली. "शस्त्राने जखम होत नाही तिला," मी म्हणालो. धैर्यशीलने माझ्याकडे असं पाहिलं की मी परात मधे सरकवली. रेश्माने विचारलं, आसपास ओलं लाकूड आहे का. नव्हतं. गडावर सगळं दगडी ठेवलं होतं मी, आठवड्याभराच्या विचाराअंती.

दिगंबर म्हणाला, "मी समोर बसतो. थांबायलोय."

फासा. एकोणीस.

"एक वर्ष जातं," मी म्हणालो. "महाहडळ तशीच उभी आहे."

"थांबायलोय."

"आणखी काही वर्षं जातात. धैर्यशील, तुझे केस पांढरे झालेत."

"आयला! न लढता?"

"थांबायलोय," दिगंबर म्हणाला. त्याचा आवाज अगदी शांत होता. मेथीची पानं तो एका लयीत खुडत होता. मला पहिल्यांदा जरा घाम आला, कारण माणूस हरत असताना असा बसत नाही.

"हा काय करतोय?" सरांनी हळूच रेश्माला विचारलं.

"वाट बघतोय, सर."

"कशाची?"

"आत सिंहासन आहे. त्याच्या नावाने मंजूर आहे. यादीत नाव लागलंय त्याचं. फक्त बाईंनी दारातून बाजूला व्हायचंय."

यातलं एकही वाक्य माझ्या मोहिमेत नव्हतं. मी रेश्माकडे रोखून पाहिलं. ती मुळं कापत होती.

"मंजूर आहे?" सर म्हणाले.

"मंजूर आहे."

"मग अडवते का ती?"

"तसं काही कारण नाही, सर. ती फक्त उभी आहे."

सरांचा हात मेथीवर थांबला. मी पुढे सरकलो, कारण सूत्रधाराने थांबायचं नसतं. "आणखी चाळीस वर्षं गेली. धैर्यशील, तू वारलास."

"कशानं?"

"वयाने."

"तलवार न काढता वारलो मी? माझ्या घरी काय सांगशील?" त्याने डोकं टेबलावर ठेवलं आणि तो अधिकृतरीत्या मेला.

"रेश्मा, तू गुडघे धरून बसलीयेस. खंबीरराव अजून समोर आहे. त्याचीही दाढी पांढरी. महाहडळ म्हणते," आणि इथे मी हडळीचा आवाज काढला, जो मला घरी आरशासमोर बरा वाटला होता, "मला कंटाळा येत नाही रे. मी अशीच राहीन."

"थांबायलोय," दिगंबर म्हणाला.

सर उठले. मला वाटलं, संपलं, आता कान धरून नेणार. पण ते टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर आले आणि त्यांनी हात जोडले. मला. म्हणजे माझ्याकडे पाहून, पण मला नाही.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही मोठ्या आहात. तुमचाही नाइलाज असंल, तुम्हाला वरून सांगितलेलं असंल. माझं म्हणणं काही नाही. पण पोराचं वय चाललंय. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. नाही म्हटलात तरी राग नाही. नुसतं बसवून ठेवू नका त्याला."

धैर्यशीलने मेलेल्या अवस्थेत डोकं वर केलं. वर स्वयंपाकघरात कुणीतरी पातेलं घासत होतं, तेही थांबलं असं मला वाटलं. थांबलं नसेल. मी नियम आठवायला लागलो. म्हातारपण नाही, भूक नाही, झोप नाही, कंटाळा नाही. हात जोडल्यास काय, याबद्दल मी काहीच लिहिलं नव्हतं.

"जा," मी म्हणालो. हडळीचा आवाज काढायचा राहूनच गेला. "आत जा. इतक्या वर्षांत मला कुणी बाई म्हणालं नव्हतं."

"बाजूला झाली?" धैर्यशील ओरडला. "हरली का?"

"बाहेरच्या माणसाची मदत चालते का पण?" मी दुबळेपणाने म्हणालो.

"मदत नाही ती," रेश्मा म्हणाली. "शिफारस आहे. आणि शिफारस करायला माणूस मुळात दारात बसलेला लागतो. दिगंबरने हरवली. नोंद घ्या."

धैर्यशीलने परात वाजवली. सर खुर्चीत बसले, खिशातून रुमाल काढून त्यांनी कपाळ पुसलं आणि जरा संकोचून हसले, स्नेहसंमेलनात आयत्या वेळी काम करावं लागलेल्या माणसासारखे. मग मुलाकडे वळले.

"झालं तुझं. आता सांग. जायचं का राहायचं?"

दिगंबरने हातातल्या काडीची पानं नीट खुडली, मग काडी परातीत टाकली आणि पानं कचऱ्यात.

ते बघून मी जे केलं ते विचार करून केलेलं नाही. विचार करून मी आजवर काही केलेलं नाही, पण ते त्याहूनही कमी विचाराने केलं.

"एक मिनिट," मी म्हणालो. "शुद्धिपत्रक."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

"वाट बघणे हे कौशल्य खेळाचा समतोल बिघडवत असल्याने रद्द करण्यात येत आहे." आणि हे पुरेसं भारदस्त वाटेना म्हणून मी जोडलं, "पूर्वलक्षी प्रभावाने."

"म्हणजे महाहडळ?" धैर्यशीलने विचारलं.

"हरलेली नाही. खेळ संपलेला नाही. दिगंबरला आत्ता काही सांगायची गरज नाही." मी सरांकडे पाहिलं नाही. "पुढच्या रविवारी बघू."

रेश्माने सुरी खाली ठेवली. "पूर्वलक्षी म्हणजे काय, माहितेय का तुला?"

"मागून लागू."

"कुठपर्यंत मागून?"

"पहिल्यापासून," मी म्हणालो, कारण तसं म्हणायला छान वाटत होतं.

"बरं. मग ऐक." तिच्या आवाजात ती मजा आली जी वकिलांना दुसऱ्याचं घर पडताना येते. "महाहडळ हरली नाही, कारण खंबीरराव थांबलाच नाही. खजिन्याचं कुलूप गंजलं नाही. राक्षसाची डोकी भांडली नाहीत, त्यामुळे राक्षस तिथेच आहे. आणि मुळात नदीचा पूर ओसरेपर्यंत कुणी थांबलंच नाही. म्हणजे आपण सगळे, आत्ता, या क्षणी, नदीच्या अलीकडच्या काठावर उभे आहोत."

"म्हणजे मी जिवंत?" धैर्यशील म्हणाला.

"जिवंत आणि तरुण."

"तलवार काढतो!"

"पाण्यावर?"

"काढतो म्हटलं ना!"

"हे असं करता येतं?" वाघचौरे सरांनी विचारलं. "एवढी वर्षं बसला तो. ते कुठं गेलं?"

"ते झालंच नाही, सर," मी म्हणालो. "नियमात बसतं."

"नियमात बसतं," सर म्हणाले. जणू ही बातमी त्यांना खात्याकडूनही येऊ शकते, असं त्यांना आत्ताच सुचलं होतं. ते पुन्हा मेथी निवडायला लागले.

आणि दिगंबर, ज्याला वाचवायला मी हे सगळं केलं होतं, तो खुर्ची पुढे ओढून बसला. पहिल्यांदाच पूर्ण टेकून.

"खंबीररावाकडं आता काय आहे?" त्याने विचारलं.

"काही नाही," रेश्मा म्हणाली. "गुण गेले. बाकी सगळ्यात पाच वजा. ते मात्र रद्द झालेलं नाही."

"मी दुरुस्ती करू शकतो," मी घाईने म्हणालो.

"नको. आणि थांबलो तर?"

"थांबू शकतोस की. बंदी नाहीये," मी म्हणालो. "फक्त त्याने काही होणार नाही."

दिगंबरने मान हलवली.

"मग पोहतो," तो म्हणाला.

"अरे, तुला येत नाही. वजा पाच आहेत. पूर आहे. दोन प्रकारच्या मगरी आहेत!"

"माहिताय. फासा दे."

त्याने फासा टाकला. तो घरंगळत टेबलाखाली गेला. धैर्यशील त्याच्या मागे आत शिरला. "दोन," टेबलाखालून आवाज आला.

दोन वजा पाच. आमच्या खेळात शून्याच्या खाली कुणी गेलं नव्हतं, तिथे काय असतं याचा नियमही नव्हता.

"बुडाला," मी म्हणालो.

मग सरांनी विचारलं, "किती लांब गेला होता?"

"सर?"

"बुडायच्या आधी. किती लांब गेला?"

माझ्या मनात खंबीरराव चार हातही गेला नव्हता. पाय घसरून काठालाच बुडाला होता तो. "मधोमध," मी सांगितलं.

"मधोमध," सर म्हणाले आणि मुलाकडे वळले. "मी तुला पोहायला शिकवलं नव्हतं."

"नाही ना, अप्पा."

"तरी मधोमध."

आणि दिगंबर हसायला लागला. आम्ही त्याच्यासोबत इतके रविवार काढले होते, पण हे हसणं नवीन होतं. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी. "बुडालो लगा," तो धैर्यशीलच्याच बोलीत म्हणाला, "पहिल्यांदा काहीतरी झालं मला!"

"आता नवीन पात्र लागेल," मी पडलेल्या आवाजात म्हणालो. पात्र मेलं की खेळाडूला नवे गुण मिळायचे. "वाटून घे."

"पोहणे दोन," दिगंबर म्हणाला. "स्वयंपाक दोन. लोकांशी बोलणे तीन. झाडावर चढणे एक. तलवार एक."

"एक? तलवारीची लाज काढतो काय रे?"

"बरं, दोन. मोडकी वस्तू दुरुस्त करणे दोन. ओझं उचलणे, गाणं, रस्ता विचारणे, एकेक."

"आणि वाट बघणे?" रेश्माने विचारलं.

"ते रद्द आहे ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी एक वाक्य बोललो असतो तर रद्द करणं रद्द झालं असतं. मला तसं करायचे पूर्ण अधिकार होते.

"रद्द आहे," मी म्हणालो.

"मग राहू दे."

"असलं पात्र कशातच टिकत नाही," मी म्हणालो. "सगळीकडे थोडं थोडं. अजिबात तोल नाही त्याला."

"अरे, नुसता तोलच आहे," रेश्मा म्हणाली.

"नाव काय ठेवू?" मी विचारलं.

"बघू. गाडीत सुचलं तर कळवतो," दिगंबर म्हणाला आणि वडिलांकडे वळला. "अप्पा, जीप कुठं लावलीय?"

सर लगेच उठले नाहीत. हातातली जुडी त्यांनी पूर्ण निवडली, पानं पानांत, काड्या काड्यांत. मग दोघं उठले. धैर्यशीलने ट्रंक उचलली, मी गादीची वळकटी. जीपमध्ये मागे सतरा पाहुणे आणि एक सायकल होती. दिगंबर सायकलच्या आणि एका म्हातारीच्या मधे बसला, म्हातारीने लगेच त्याला आपली पिशवी धरायला दिली आणि त्याने ती धरली. ओझं उचलणे, एक.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं बसलो. समोर नदी होती. धैर्यशीलने पाण्यावर तलवार काढली, रेश्मा ओलं लाकूड म्हणाली, मी मगरी आणल्या, पण पाण्यात कुणी पाय घातला नाही. त्यानंतर मी रविवारी अभ्यास करायला लागलो आणि पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक तयारीनिशी नापास झालो.

दिगंबरचा आदेश पुढे खरंच आला. तेव्हा तो सातवीच्या पोरांकडून विज्ञान प्रदर्शनासाठी ज्वालामुखी करून घेत होता. त्याने खात्याला पत्र लिहिलं, प्रदर्शन झाल्याशिवाय रुजू होता येणार नाही, मुदतवाढ मिळावी. खात्याने थांबायचं कबूल केलं. ज्वालामुखी वेळेवर फुटला नाही, म्हणून त्याने आणखी थोडी मुदत मागितली. मग तो रुजू झाला. आता पार दुसऱ्या टोकाच्या तालुक्यात आहे, गावच्या तळ्यात पोहतो, बरं पोहत नाही असं म्हणतो. फोनवर त्याच्या मागे सतत माणसं बोलत असतात. "एक मिनिट हं, प्रणित," तो म्हणतो, आणि मी फोन धरून बसतो.

रेश्मा न्यायाधीश झाली. धैर्यशील कराडला कोंबड्या पाळतो. मी एका कंपनीसाठी नियम आणि अटी लिहितो. लोक ज्या न वाचता 'मान्य आहे' म्हणतात, त्या. सुट्टीच्या दिवशी हात रिकामे असले की काही गोष्टी लिहून काढतो. उदाहरणार्थ हा अर्ज:

प्रति, सक्षम प्राधिकारी. विषय, प्रतिनियुक्तीबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, आपल्या आस्थापनेवरील श्री. दिगंबर वाघचौरे यांची सेवा दर रविवारी, दुपारच्या जेवणानंतर ते अंधार पडेपर्यंत, निम्नस्वाक्षरीकाराच्या टेबलाकडे वर्ग करण्यात यावी. सदर खानावळ बंद झालेली असल्याने पर्यायी जागेची व्यवस्था करण्यात आलेली असून खुर्च्या चार आहेत. येण्याजाण्याचा खर्च अर्जदार सोसेल. सदर कालावधीत त्यांच्याकडून कोणतेही विशेष प्रावीण्य अपेक्षित नाही. तसेच मधल्या काळात जे रविवार गेले, त्यांची थकबाकी मागितली जाणार नाही.